कार्ड बदलण्याआधी ड्रायव्हर पाहा

अंबडच्या एखाद्या टूलरूममध्ये असेम्ब्ली फिरवताना स्क्रीन अडकायला लागली की निदान आधीच ठरलेलं असतं: ग्राफिक्स कार्ड जुनं झालं. मालक दुकानदाराला फोन लावतो, दुकानदार हाताशी असलेलं गेमिंग कार्ड पाठवून देतो, आणि आठवड्याभराने डिझायनर त्याच फाईलवर, त्याच जागी पुन्हा हात टेकून बसलेला असतो. पैसे गेले, वेग मात्र आला नाही. यात दोष बहुतेक वेळा कार्डाचा नसतो. कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा जो दुभाष्या बसतो, तो चुकीचा असतो. किंवा काम मुळात कार्डाकडे जातच नसतं.

नाशिकला हा विषय घरचा आहे. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, पुढे सातपूरला बॉश, अंबड-सातपूर पट्ट्यात महिंद्रा, स्विचगिअर बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. आज यांतल्या बहुतेक लहान कारखान्यांत एक काचेची केबिन असते आणि तिथे सॉलिडवर्क्स, क्रिओ, एनएक्स किंवा मास्टरकॅम चालतं. गंगापूर रोड, कॉलेज रोडवर आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल सल्लागारांची ऑटोकॅड-रेव्हिटवाली ऑफिसं आहेत, आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे रस्ते, घाट, पुलांच्या ड्रॉईंगचा बोजा त्यांच्यावर आहेच. या सगळ्यांचं दुखणं वरवर एकच दिसतं. औषध मात्र वेगवेगळं लागतं.

आधी संथपणाचा प्रकार ओळखा. मॉडेल फिरवताना, झूम करताना, सरकवताना झटके बसत असतील तर शंका ग्राफिक्सवर घ्यायला हरकत नाही. फिलेट दिल्यावर, स्केच बदलल्यावर मॉडेल रिबिल्ड व्हायला वेळ लागत असेल, किंवा ऑटोकॅड रिजन करताना विचारात पडत असेल, तर ते काम प्रोसेसरचं आहे. तिथे कितीही महाग कार्ड लावा, फरक पडणार नाही. फाईल उघडायलाच पाच मिनिटं लागत असतील तर हार्ड डिस्क, नेटवर्क आणि रॅम यांच्याकडे बघा. सगळ्या ऑफिसचं काम एका शेअर्ड ड्राइव्हवरून चालतं आणि वायर जुन्या स्विचमधून फिरलेली असते, हे दृश्य काही दुर्मिळ नाही. मास्टरकॅमचा टूलपाथ तयार होताना लागणारा वेळही प्रोसेसरच्याच खात्यात. त्याचं सिम्युलेशन पडद्यावर सफाईने फिरणं, तेवढा भाग कार्डाचा.

अंदाजाऐवजी मोजून बघायचं असेल तर साधन विंडोजमध्येच आहे. तुमची सगळ्यात जड असेम्ब्ली उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर बाजूला लावा, परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू निवडा आणि मॉडेल सलग फिरवत राहा. जीपीयूचा थ्रीडी आलेख शंभरीला टेकत असेल तर कार्ड खरोखर कमी पडतंय. डेडिकेटेड मेमरी भरून शेअर्ड मेमरी वाढायला लागली असेल, तर कार्डाची स्वतःची मेमरी संपून ते संगणकाच्या रॅमकडे उसनवारी करतंय. आणि आलेख दहा-पंधरा टक्क्यांवर लोळत असेल, तरीही झटके बसत असतील, तर नवं कार्ड घेऊ नका.

याच खिडकीत एक फसवणूक आहे, तिच्यात अनुभवी माणसंही अडकतात. सीपीयू फक्त १२-१३ टक्के दिसतो, म्हणून लोक म्हणतात, प्रोसेसर तर आरामात आहे! पण आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड जिवाच्या आकांताने पळत असेल तर एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसणार. मॉडेलचं रिबिल्ड आणि ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर चालतं, कारण प्रत्येक फीचर आधीच्या फीचरवर अवलंबून असतं. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा. एक चौकट भरलेली आणि बाकीच्या रिकाम्या दिसल्या की उत्तर मिळालं. अशा ठिकाणी जास्त कोअरचा प्रोसेसर घेण्यापेक्षा एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर उपयोगी पडतो.

आणखी एक सोपी परीक्षा. सॉफ्टवेअरची खिडकी लहान करून पडद्याच्या पाव भागात आणा आणि मॉडेल फिरवा. एकदम सुरळीत झालं तर कार्डावर ठिपके रंगवण्याचा ताण आहे. मध्यंतरी मॉनिटर बदलून फोरके आणला असेल तर हे हमखास होतं, कारण फुल एचडीच्या सुमारे २० लाख ७० हजार ठिपक्यांच्या जागी त्याच कार्डाला ८३ लाख ठिपके रंगवावे लागतात.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी टेबलाखाली वाका. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. कार्ड बसवून झाल्यावरही केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्येच राहिलेली असते आणि कार्ड आत निवांत पडून असतं, हा प्रकार लाजिरवाणा खरा, पण अनोळखी नाही. लॅपटॉपवर याचंच दुसरं रूप दिसतं. त्यात दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं साधं आणि वेगळं दमदार. वीज वाचवायला विंडोज कधीकधी साध्यावरच काम रेटतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा, तुमचं सॉफ्टवेअर यादीत घाला आणि हाय परफॉर्मन्स निवडा. चार्जर लावून काम करा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःचा वेग आवरतात.

आता ड्रायव्हर. इथे थोडं थांबू, कारण घोटाळा सगळ्यात जास्त इथेच होतो. मोबाइलमुळे आपल्याला सवय लागली आहे की अपडेट आलं म्हणजे घ्यायचं. कॅडच्या संगणकाला हा नियम लागू नाही. इथे नवा ड्रायव्हर चांगला नसतो, मान्यता मिळालेला ड्रायव्हर चांगला असतो. सॉलिडवर्क्स, कॅटिया, एनएक्स, क्रिओ ही सगळी ओपनजीएल वापरणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यांच्या कंपन्या प्रत्येक आवृत्तीसाठी ठरावीक कार्ड आणि ठरावीक ड्रायव्हर तपासून त्याची यादी संकेतस्थळावर ठेवतात. सॉलिडवर्क्सच्या यादीत संगणक, कार्ड, विंडोज आणि सॉफ्टवेअरचं वर्ष निवडलं की नेमका ड्रायव्हर समोर येतो. तुमच्याकडे २०२१ ची आवृत्ती असेल तर २०२१ चीच नोंद पाहायची; नव्या वर्षासाठी मान्य झालेला ड्रायव्हर जुन्या आवृत्तीत कडा पुसट दाखवू शकतो, सिलेक्शन चुकवू शकतो किंवा सॉफ्टवेअर बंद पाडू शकतो. ऑटोकॅड, रेव्हिट डायरेक्टएक्सवर चालतात. तिथे गोष्टी थोड्या सैल आहेत, तरी ऑटोडेस्कही तपासलेल्या कार्डांची यादी देतं.

तुमच्याकडे सध्या कोणता ड्रायव्हर आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये, डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्सखाली कार्डाच्या नावावर डबल क्लिक करून ड्रायव्हर टॅबमध्ये दिसेल. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर तिथला आकडा गोंधळात टाकतो: ३१.०.१५.३७१३ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि यादीत ५३७.१३ लिहिलेलं असतं. दोन्ही एकच आहेत. टिंबं विसरा, शेवटचे पाच अंक घ्या आणि शेवटच्या दोनांआधी टिंब द्या.

तो आकडा यादीशी जुळला तर बदलायला जाऊ नका. जुळला नाही तर डाय पाठवायच्या आदल्या रात्री नव्हे, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बसा. आधी रिस्टोअर पॉइंट तयार करा आणि जुन्या ड्रायव्हरचा आकडा कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या माणसाचे तुम्हाला आशीर्वाद मिळतील. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. ब्रँडेड लॅपटॉप किंवा वर्कस्टेशन असेल तर आधी डेल, एचपी, लेनोव्होच्या पानावर तुमचं मॉडेल टाकून बघा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ अशी जाहिरात करणारी फुकट सॉफ्टवेअर हिशेबाच्या संगणकावर जितकी धोक्याची, तितकीच इथेही. एनव्हिडियाचा इन्स्टॉलर चालवताना कस्टम निवडून क्लीन इन्स्टॉलेशनवर खूण करा. एएमडीकडून एनव्हिडियाकडे किंवा उलट उडी मारत असाल तर जुने अवशेष सेफ मोडमध्ये डीडीयू या साधनाने काढून टाकलेले बरे. संगणक रीस्टार्ट करा, मगच फाईल उघडा.

नवा ड्रायव्हर घातल्यावर काही बिघडलंच, तर त्याच ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक हे बटण असतं. आणि सगळं सुरळीत झाल्यावर पंधरा दिवसांनी आपोआप बिघडलं, तर विंडोज अपडेटवर संशय घ्या. ते न विचारता डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलून टाकतं. कंट्रोल पॅनेलच्या जुन्या सिस्टिम सेटिंगमध्ये हार्डवेअर टॅबखाली डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज आहे. तिथे नो निवडलं की हा त्रास बराच कमी होतो.

जिफोर्स कार्ड असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांना दोन ड्रायव्हर मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. डिझाइनच्या संगणकावर स्टुडिओ घ्या. जुन्या क्वाड्रोवाल्यांसाठी वेगळी बातमी आहे. के२०००, के४००० अशा केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० च्या मालिकेनंतर नवे ड्रायव्हर मिळालेले नाहीत. सेकंडहँड बाजारात ही कार्डं अजून हौसेने विकली जातात. जुनं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर चालवणार असाल तर ठीक, नव्या आवृत्तीसाठी ती घेऊ नका.

ड्रायव्हर बसला, तरी सॉफ्टवेअर कार्ड वापरतंय का, हे वेगळं पाहावं लागतं. सॉलिडवर्क्समध्ये टूल्स, ऑप्शन्स, परफॉर्मन्स या पानावर यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल असा चौकोन आहे. त्यावर खूण असेल तर कार्डाला रजा दिलेली आहे आणि सगळं चित्र प्रोसेसर रंगवतोय. चौकोन राखाडी दिसला तर घाबरू नका. सगळ्या फाइली बंद केल्यावरच तो हलतो. सगळ्या फाइली बंद करूनही राखाडीच राहिला आणि खूण निघत नसेल, तर सॉफ्टवेअरने तुमचं कार्ड किंवा ड्रायव्हर नाकारला आहे. त्याच पानावर २०१९ पासून आलेला एनहान्स्ड ग्राफिक्स परफॉर्मन्स हा पर्याय चालू ठेवा. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड द्या आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते पाहा. क्वाड्रो किंवा आरटीएक्सची व्यावसायिक कार्डं असणाऱ्यांनी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधले ग्लोबल प्रीसेटही एकदा बघावेत. तिथे काही कॅड सॉफ्टवेअरची नावं तयार असतात.

मग फाइलीचं वजन. ग्राहकाकडून आलेल्या स्टेप फाइलीत प्रत्येक स्क्रूचे आटे खरोखर काढलेले असतात आणि असे चारशे स्क्रू असतात. ते दडपून टाका किंवा साधे सिलिंडर ठेवा. कोणत्याही कार्डापेक्षा वेग इथे जास्त मिळतो. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधला इमेज क्वालिटीचा सरकता काटा कुणीतरी एकदा उजव्या टोकाला नेलेला असतो आणि टेम्प्लेटमधून तो सगळ्या पार्टमध्ये पसरलेला असतो. तो मध्यावर आणा. लार्ज असेम्ब्ली मोड आणि लाइटवेट पार्ट यांचा उपयोग न करता मोठी असेम्ब्ली उघडणं म्हणजे कार्डावर विनाकारण राग काढणं. ऑटोकॅडमध्ये पर्ज, ऑडिट आणि ओव्हरकिल या तीन कमांड आठवड्यातून एकदा चालवल्या तरी वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट होत आलेला कचरा निघतो.

सर्व्हेच्या ड्रॉईंगवर काम करणाऱ्या नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. ड्रोन किंवा टोटल स्टेशनचा सर्व्हे यूटीएमच्या ४३ व्या झोनमध्ये येतो. तिथे शहराचा पूर्वेकडचा आकडा पावणेचार लाख मीटरच्या आसपास आणि उत्तरेकडचा साधारण २२ लाख मीटर असतो. ऑटोकॅड स्वतःच्या हिशेबात हे आकडे नीट सांभाळतं. पण ग्राफिक्स कार्ड चित्र काढताना साधारणपणे ३२ बिटांचे आकडे वापरतं, आणि २२ लाखांच्या आसपास अशा दोन लगतच्या आकड्यांमध्ये पाव मीटरचं अंतर पडतं. सॉफ्टवेअरने मधला हिशेब नीट केला नाही तर रेषा थरथरतात, हॅच तुटतात, वर्तुळं बहुकोनी दिसतात, आणि माणूस म्हणतो, कार्ड गेलं. मिलिमीटरमध्ये काढून काही साधत नाही. आकडा हजारपट मोठा होतो आणि लगतच्या आकड्यांमधली पायरीही त्याच पटीत वाढते. यूसीएस सरकवूनही भागत नाही, कारण वस्तू मूळ बिंदूपासून दूरच राहते. इमारतीचं किंवा पुलाच्या डिटेलचं ड्रॉईंग शून्याजवळ करा आणि सर्व्हेची फाईल वेगळी, तिच्या खऱ्या जागी राहू द्या. जोडायचं तेव्हा एक्सरेफने जोडा. सर्व्हेच मूव्ह करून शून्यावर आणण्याचा मोह मात्र आवरा, महापालिकेला देताना तेच निर्देशक मागितले जातात. रेव्हिटमध्ये आतल्या मूळ बिंदूपासून १६ किलोमीटरच्या पलीकडे मॉडेल नेऊ नये, असं ऑटोडेस्क स्वतः सांगतं; तिथे शेअर्ड कोऑर्डिनेट्सची सोय याचसाठी आहे.

सकाळी ठीक, दुपारनंतर संथ, असा प्रकार असेल तर उष्णता. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीजवळ जातो आणि पत्र्याच्या शेडमधली केबिन त्याहून तापते. कार्ड गरम झालं की स्वतःचा वेग स्वतः कमी करतं. टास्क मॅनेजरमध्येच वेगळ्या कार्डाचं तापमान दिसतं. ते नव्वदीकडे जात असेल तर साफसफाई करा. कारखान्यात यासाठी हमखास कॉम्प्रेसरची नळी आणली जाते. ती आणू नका. तिच्यातल्या हवेबरोबर पाणी आणि तेल येतं, दाबही नको इतका असतो. छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर वापरा आणि फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. ग्राइंडिंगजवळच्या केबिनमध्ये लोखंडाची बारीक धूळ येते आणि ती वीज वाहून नेते, हे विसरू नका. तिथलं कॅबिनेट जमिनीवर ठेवण्यात शहाणपण नाही.

एवढं सगळं करूनही आलेख शंभरीला असेल, तर खुशाल कार्ड घ्या. निवड सॉफ्टवेअरवर ठरते. मुख्य काम सॉलिडवर्क्स, क्रिओ, एनएक्सवर असेल तर व्यावसायिक कार्ड घ्या; कागदावर जिफोर्स जास्त वेगवान दिसलं तरी ओपनजीएलमध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हरची किंमत रोज वसूल होते. ऑटोकॅड, रेव्हिट, फ्यूजन आणि लुमियन किंवा एनस्केपमधले वॉकथ्रू असतील तर जिफोर्स आरटीएक्स पैशाला जास्त चोख. रेंडरिंगसाठी मेमरी आठ जीबीपेक्षा कमी नको. साध्या पार्ट आणि मध्यम असेम्ब्लीला टी१००० पुरतं, मोठ्या मोल्डच्या असेम्ब्लीला आरटीएक्स ए२००० किंवा त्याची नवी भावंडं. निव्वळ टूडी ड्रॉईंगला वेगळं कार्ड लागतच नाही. तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालतं, फक्त रॅमच्या दोन पट्ट्या लावा. ते ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, आणि एकाच पट्टीवर त्याचा श्वास कोंडतो.

विजेचा हिशेब विकत घेण्याआधी करायचा, नंतर नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. टी१००० चे ५० वॉट आणि ए२००० चे ७० वॉट त्यात बसतात, म्हणून जुन्या ऑफिस संगणकातही ती वेगळी वायर न लावता चालतात. मोठ्या कार्डाला सहा किंवा आठ पिनची वायर आणि चांगला एसएमपीएस लागतो. डेल-एचपीच्या बारक्या ऑफिस संगणकांचा एसएमपीएस वेगळ्या घडणीचा असतो, बाजारातला बसत नाही. टी१००० आणि ए२००० या दोन्ही कार्डांवर मिनी डिस्प्लेपोर्ट आहे. सोबत अ‍ॅडॉप्टर मिळतोय ना, हे विचारा, नाहीतर कार्ड येऊन पडतं आणि मॉनिटर लागत नाही. लहान कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीची पट्टी डब्यात आहे का, तेही पाहा.

आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असलेल्या संगणकात मात्र महाग कार्ड घालू नका. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे त्या संगणकांवर बसत नाही. शिवाय जुन्या बायोसवर नवं कार्ड कधीकधी काळाच पडदा दाखवतं. तेवढ्या पैशात नवा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडीची जोडणी सुरू करावी, कार्ड सहा महिन्यांनी घेतलं तरी चालेल.

खरेदी नाशिकमध्ये करा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा, जीएसटीचं बिल तुमच्या फर्मच्या नावाने आणि कार्डाच्या सीरियल नंबरसह घ्या. १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतंच, वॉरंटीच्या वेळीही तेच बिल मागतात. सेकंडहँड जिफोर्स घेताना ते पूर्वी मायनिंगला लावलेलं नाही ना, याची खात्री दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. अर्धा तास तुमचीच जड असेम्ब्ली त्याच्या दुकानात फिरवून तापमान पाहा. नवं कार्ड बसल्यावर सुरुवातीची तीच टास्क मॅनेजरची परीक्षा त्याच फाइलीवर पुन्हा घ्या, आणि जुनं कार्ड लगेच विकू नका. नवं वॉरंटीत गेलं तर परत येईपर्यंत काही आठवडे जातात, आणि डिझायनरला तोवर काम करायचं असतं.